एका चहावर किती वेळ बसायचं?

तीन मजली स्टँड, त्यात खाली बोटभर सँडविच, मधे स्कोन, वर छोटे केक आणि बाजूला कानाला धरायचीसुद्धा भीती वाटावी असा नाजूक कप. हे रील तुम्ही पाहिलेलं असणारच. त्याखालची कमेंटही ठरलेली असते: एवढ्या पैशांत आमच्या टपरीवर अख्खं हॉस्टेल चहा पिईल! हिशेब बरोबर आहे. पाउंडाला शंभराने गुणायची सवय लागली की ब्रिटनमध्ये साधं पाणीही घशाखाली उतरत नाही. तरी माझं म्हणणं आहे, की शिकायला, फिरायला किंवा कुणाच्या ग्रॅज्युएशनला तिकडे गेलात तर एक दुपार जुन्या टीरूमसाठी राखून ठेवा. स्टँडचा फोटो काढा हवं तर, पण मग फोन ठेवा आणि बसा.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडची मोठी हॉटेलं ज्याला ‘हाय टी’ म्हणतात, तो खरा ‘आफ्टरनून टी’. १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनाला दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्यामधे भूक लागायची, तिथून तो सुरू झाला असं मानतात. हाय टी म्हणजे कामगारांनी संध्याकाळी घरी येऊन घेतलेलं पोटभर, गरम जेवण. म्हणजे आपण गिरणी कामगाराच्या जेवणाचं नाव डचेसच्या नाश्त्याला देऊन वर सर्व्हिस चार्ज भरतो.

मी ज्या टीरूमबद्दल सांगणार आहे, तिचा डचेसशी काही संबंध नाही. ती ग्लासगोत आहे. सॉकीहॉल स्ट्रीट, नंबर २१७. मावसबहीण तिथे मास्टर्स करत होती, तिच्या पदवीदानाला मी मावशीबरोबर गेले होते.

ही जागा केट क्रॅन्स्टन नावाच्या बाईने १९०३ मध्ये सुरू केली. तिचा भाऊ स्टुअर्ट चहाचा व्यापारी. गिऱ्हाइकांना चहाची चव बघता यावी म्हणून त्याने दुकानात टेबलं टाकली. बहिणीने त्यातला खरा धंदा ओळखला. १८७८ मध्ये तिने स्वतःची पहिली टीरूम काढली आणि पुढच्या २५ वर्षांत ग्लासगोत तिच्या चार झाल्या. लग्नानंतरही धंद्यात ती ‘मिस क्रॅन्स्टन’च राहिली.

तेव्हाचं ग्लासगो म्हणजे जहाजं, कारखाने आणि पब. पब पुरुषांचे. तिथे दारू, आणि दारूविरोधी चळवळही तितकीच जोरात. कामासाठी, खरेदीसाठी गावात आलेल्या बाईला तहान लागली, पाय दुखले, तर तिने जायचं कुठे? बरोबर पुरुष नसताना, कुणी नजर वाकडी न करता बसता येईल अशी जागाच फारशी नव्हती. टीरूमने ती जागा दिली. लंडनमध्येही हेच झालं. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या ‘ॲलन्स टी रूम्स’मध्ये तर मताधिकार मागणाऱ्या बायकांच्या सभा भरायच्या. ब्रिटनमध्ये सगळ्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं १९२८ मध्ये. चहाच्या टेबलावर हक्काने बसणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.

आता ती इमारत. केटने काम दिलं चार्ल्स रेनी मॅकिंटॉशला, जो आज आर्किटेक्चरच्या पुस्तकांत असतो. त्याने दर्शनी भागापासून चमच्यांपर्यंत सगळं डिझाइन केलं. ‘सॉकीहॉल’ या नावातच विलोची झाडं आहेत (आपल्याला बॅटीमुळे माहीत असलेली), म्हणून आतही सगळीकडे विलो. पहिल्या मजल्यावर ‘रूम डी लक्स’: उंच पाठीच्या रुपेरी खुर्च्या, जांभळी काच, रस्त्याकडे उघडणारी रुंद, बाहेर झुकलेली खिडकी, आणि मॅकिंटॉशची बायको मार्गारेट मॅकडोनाल्ड हिने बनवलेलं भिंतीवरचं पॅनेल. मार्गारेट स्वतः मोठी कलावंत, पण गाइड आधी नवऱ्याचं नाव घेतात. असो. ही खोली खास बायकांसाठी होती आणि इथे चहाला एक पेनी जास्त पडायची. पुरुषांसाठी वर बिलियर्ड्स आणि सिगारेटची खोली. म्हणजे नेहमीच्या व्यवस्थेच्या उलट, घरातली सगळ्यात देखणी, रस्ता दिसणारी जागा बायकांना.

मधल्या काळात हे सगळं एका मोठ्या दुकानाचा भाग झालं, नंतर मोडकळीला आलं. २०१४ मध्ये सेलिया सिंक्लेअर या उद्योजिकेने इमारत विकत घेऊन ट्रस्ट काढला आणि २०१८ मध्ये ती मूळ रूपात पुन्हा उघडली. २०२४ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड तिचा कारभार पाहते.

आम्ही दोघींनी चहा आणि स्कोन मागवला. दहा मिनिटांत कप रिकामे झाले. त्यानंतर मावशीचं सुरू झालं. पर्स मांडीवर घेतली, मग खांद्याला लावली. वेट्रेस जवळून गेली की उठायच्या तयारीत. शेवटी म्हणाली, ‘‘चल गं, आपलं झालंय ना? त्या काय म्हणतील?’’ कुणी काही म्हणत नव्हतं. शेजारच्या टेबलावर एक आजी एकटीच कितीतरी वेळ पुस्तक वाचत बसल्या होत्या. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘मी आजवर एकटी हॉटेलात कधी बसलेच नाहीये.’’ मावशी तीस वर्षं नोकरी करतेय. रोज एसटीने जाऊन-येऊन.

मग तुम्ही म्हणाल, हे मावशीच्या पिढीचं झालं. आमच्या टपरीवर मुलं-मुली सगळे असतात. असतात, पण उद्या जरा नीट बघा. कट्ट्यावर मांडी ठोकून कोण बसलंय आणि हातात कप धरून, सॅक पाठीवर तशीच ठेवून कोण उभं आहे? ग्रुप नसताना, एकटी, नुसती रस्ता बघत बसलेली मुलगी किती वेळा दिसते? रात्री नऊनंतर? मी मोजून बघितलंय. एक बोटही पुरलं, बहुतेक दिवशी तेही लागलं नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईबद्दल ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये लिहिलं. त्यातला मुद्दा असा, की बाईला रस्त्यावर काहीतरी काम असल्याचं सतत दाखवावं लागतं. क्लासला चाललेय, बसची वाट बघतेय, फोनवर बोलतेय. विनाकारण असण्याची मुभा तिला नाही. कराचीतल्या मुलींनी २०१५ मध्ये ‘गर्ल्स ॲट ढाबाज’ नावाने ढाब्यावर चहा पितानाचे फोटो टाकायला सुरुवात केली, तेव्हा त्यावरही केवढा गदारोळ! आणि फोटोत होतं काय? मुलगी, खुर्ची, चहा.

पैशांचा मुद्दा मी टाळत नाही. केटची टीरूमसुद्धा ज्यांना चहा विकत घेणं परवडायचं त्यांचीच होती, आणि ती जास्तीची पेनी काही धर्मादाय नव्हती. आजही बाईला सुरक्षित, निवांत बसायचं तर एसी कॅफेत महागडी कॉफी घ्यावी लागते, आणि मुलगा दहा रुपयांच्या कटिंगवर तासभर बसतो. बसण्याचा हा फरकाचा दर आपण अजून भरतोय. म्हणूनच टपरी विरुद्ध टीरूम हे भांडण मला पटत नाही. टपरीवाल्याने दोन बाकं वाढवली, वर एक दिवा लावला आणि त्यावर बसलेल्या मुलीकडे टवाळांनी बघत राहणं सोडलं, तर मला तरी जांभळ्या काचेची गरज नाही.

तोपर्यंत, स्कॉटलंडला गेलात तर रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची २० पाउंडांची नोट हातात आल्यावर लगेच खिशात कोंबू नका. तिच्यावर केट क्रॅन्स्टनचं चित्र आहे. तीच मोडा, आणि चहा संपल्यावर निदान अर्धा तास उठू नका.