भाईजानला लॅपटॉप, आपाला मोबाईल

बारावीचा निकाल लागला की असल्फ्याच्या टेकडीवरच्या आमच्या गल्लीत पालकांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "टीचर, कॉलेजसाठी लॅपटॉप कोणता घ्यावा?" मी उर्दू आणि मराठी शिकवते, संगणक नव्हे. पण बी.एड. झालेल्या बाईला सगळंच कळतं असा मोहल्ल्याचा समज आहे आणि मीही तो मोडत नाही. हल्ली मात्र मी आधी उलट विचारते, "कुणासाठी?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मुलासाठी." "आणि मुलगी? ती पण कॉलेजात आहे ना?" "तिच्याकडे मोबाईल आहे की."

दुसऱ्यांची घरं कशाला, माझ्या भावाचंच घर घ्या. भाचा आयटीच्या पहिल्या वर्षाला, भाची कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. भावाने मुलाला 78 हजारांचा गेमिंग लॅपटॉप घेतला. दुकानातल्या पोराने सांगितलं की पाच वर्षं बघायला नको. कीबोर्डखाली लाल-निळे दिवे, वजन अडीच किलो, चार्जर विटेएवढा. सकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर मेट्रोची गर्दी आणि लोकलची गर्दी एकमेकींवर आदळते, त्यात हे धूड पाठीवर घेऊन भाचा चार दिवस गेला. पाचव्या दिवसापासून लॅपटॉप घरी. बॅटरी दोन-अडीच तास. आमच्या घरांत टेबल नसतं, म्हणून यंत्र मांडीवरच येतं. वर पत्रा, खाली त्या पंख्याची गरम हवा. त्या यंत्रावर आता क्रिकेटचा गेम चालतो आणि अधूनमधून प्रोग्रॅमिंगचा अभ्यास.

त्याच खोलीत भाची पाच इंची पडद्यावर एक्सेलचा तक्ता बोटाने सरकवत होती. वीस पानांचा प्रकल्प तिने अंगठ्याने टाईप केला, सायबर कॅफेत नेला, तिथे सगळे रकाने विस्कटले. भावाची मागायची हिंमत नाही, कारण तो लॅपटॉप "त्याचा" आहे, नाजूक आहे, महाग आहे.

मुलाच्या लॅपटॉपला आपण गुंतवणूक म्हणतो आणि मुलीच्या लॅपटॉपला खर्च. हे आपल्या समाजातच होतं असं नाही; शेजारच्या चाळीत माझ्या मराठी मैत्रिणींचं रडगाणं हेच आहे. पण आपण तालीम-तालीम म्हणत एवढे जलसे करतो, म्हणून आपल्याला जास्त बोललं पाहिजे. राज्य सरकारने 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. ज्या घरांत ही फी वाचली, तिथे त्या पैशातून मुलीला काय आलं, हे एकदा विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर मिळत नाही, विषय बदलतो.

आता थोडं कडू. माझा भाऊ नेक माणूस आहे. बचत खात्यावर जमा होणारं व्याज तो दरवर्षी वेगळं काढतो, घरात वापरत नाही. त्याच भावाने हा लॅपटॉप "नो कॉस्ट" हप्त्यांवर घेतला. नावातच खर्च नाही, मग सूद कुठून, असं त्याला वाटलं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. हिशेब सोपा आहे. व्याजाएवढी सूट किमतीत आधी दाखवतात आणि मग बँक दर महिन्याला तेच व्याज वसूल करते. कार्डाच्या बिलावर व्याजाची ओळ वेगळी असते, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, आणि सुरुवातीला प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणजे दिव्यांच्या कीबोर्डसाठी आपण सूद भरतो, सुदावर करही भरतो आणि वर समाधानाने झोपतो. व्याजाशिवाय रक्कम उभी करायची तर मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी आहेच. तिला कुणी आकर्षक नाव दिलेलं नाही एवढंच.

मग घ्यायचं काय? कॉमर्स, आर्ट्स, साध्या सायन्सच्या मुलांना, आणि आयटीच्या पहिल्या वर्षांनाही, नवा महागडा लॅपटॉप लागत नाही. मोठ्या कंपन्या आपले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक तीन-चार वर्षांनी बदलतात. ती यंत्रं दुरुस्त होऊन लॅमिंग्टन रोडला येतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, स्टेशनपासून चालत जाता येतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्या, कारण विंडोज 11 अधिकृतपणे त्याखाली चालत नाही आणि विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा माल स्वस्तात गळ्यात मारतात, तिथे थांबा. रॅम 8 जीबीपेक्षा कमी नको, आयटीला 16. जुनी फिरती हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी. यंत्र झटपट चालू होतं ते तिच्यामुळे. दुकानातच बसून प्रत्येक कळ दाबून पाहा, बिजागरी हलवून पाहा, बॅटरीचा रिपोर्ट काढायला लावा. सुरू करताना यंत्र एखाद्या कंपनीचं लॉगिन मागत असेल तर हात लावू नका. वॉरंटी जी मिळेल ती जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहून घ्या. आर्किटेक्चर किंवा ॲनिमेशनवाल्यांचं वेगळं, त्यांना ग्राफिक्स कार्ड खरोखर लागतं. त्यांनी कॉलेजच्या सीनिअर मुलांना विचारावं, दुकानदाराला नव्हे.

अशी दोन यंत्रं भावाच्या 78 हजारांत आली असती आणि पैसे उरले असते.

यावर मला ऐकवलं जातं की आपल्याच घाटकोपरच्या चिराग नगरात राहून अण्णाभाऊ साठ्यांनी झोपडीत कागदावर लिहिलं, त्यांना कुठे लॅपटॉप होता? बरोबर. पण मुलाला लॅपटॉप घेताना हे अण्णाभाऊ कुणाला आठवत नाहीत, फक्त मुलीच्या वेळी आठवतात.

माझ्या विषयाचंही सांगते. विंडोजमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड फुकट असतात, उर्दूसाठी नस्तालिक अक्षरही असतं. चार ओळी मोबाईलवर लिहिता येतात. चार पानं लिहून, वाचून, परिच्छेद वरखाली करून पुन्हा लिहायची सवय कळफलकावर लागते. माझ्या वर्गात उत्तम निबंध लिहिणाऱ्या मुली कॉलेजात जाऊन दोन ओळींच्या मेसेजवर आलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि आपल्या जमातींचे, ट्रस्टचे गुणगौरव समारंभ! दहावी-बारावीच्या मुलींना ट्रॉफी, शाल, दप्तर आणि स्टेजवरच्या पंधरा पाहुण्यांबरोबर फोटो. दहा समारंभांतल्या ट्रॉफी, हार, मंडप, बिर्याणी यांच्या पैशांत किती जुनी यंत्रं येतील, याची बेरीज आयोजकांनी स्वतःच करावी. वस्तीतल्या ज्यांच्या ऑफिसात जुने लॅपटॉप विकायला निघतात, त्यांनी शब्द टाकला तरी बरंच होईल.

भाचीसाठी शेवटी मी माझी भिशी लागली तेव्हा 22 हजारांना एक जुना थिंकपॅड घेतला. भावाला ते फारसं रुचलं नाही. ती आता टॅली शिकते आहे, शिकाऊ आवृत्तीत महिन्याची ठरावीक तारखांचीच नोंद होते, पण तेवढं पुरतं. मागच्या महिन्यात तिने अब्बूंची कार्डाची बिलं मागून घेतली आणि हप्त्यांतलं व्याज, जीएसटी, फी यांची बेरीज एक्सेलमध्ये मांडून त्यांच्यापुढे ठेवली. भाऊ बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "याचा प्रिंट निघेल का?"