‘जर’ सुचण्याचं वय

माझ्या नव्या कादंबरीतली पंधरा वर्षांची मुलगी तोंड उघडलं की साठीतल्या माणसासारखी बोलते. म्हणजे माझ्यासारखी. शेवटी गेल्या वर्षी, माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला पोचायच्या आठ-दहा दिवस आधी, तिथल्या एका जुन्या स्नेह्यांकडे जाऊन राहिलो. त्यांची नात नुकतीच दहावी पास झालेली. तिची मुलाखत घ्यायची, एवढाच बेत.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मुलाखत म्हटली की मला कर्जाचा अर्जच दिसतो. वहीत अठरा प्रश्न लिहून नेले होते. आवडता विषय? गणित. पुढे काय व्हायचंय? पोलीस. घरच्यांशी पटतं का? हो. दहा मिनिटांत अर्ज भरून झाला, आणि मुलीबद्दल मला काडीचंही कळलं नव्हतं.

तेव्हा झाँ पियाजे आठवला. या स्विस मानसशास्त्रज्ञाला १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करताना बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांचंच कुतूहल वाटू लागलं. पुढे मुलांची न्याय-अन्यायाची कल्पना समजून घ्यायला त्यानं गोट्या काढल्या. मी खेळ विसरलोय, मला नियम शिकवा, असं म्हणून हा विद्वान मुलांशी खेळायला लागला!

दुसऱ्या दिवशी वही बॅगेत ठेवली आणि पडवीत कांदा निवडायला बसलो. ‘आजोबा, जोडकांदा त्यात नका टाकू. सगळ्या गोणीचा भाव पाडत्यात.’ तासभर मी चुकत होतो, ती सुधारत होती. मग खाली मान घालूनच म्हणाली, ‘जर औंदा कांद्याला भाव मिळाला असता, तर मला सायन्सला साताऱ्यात होस्टेलवर ठेवलं असतं, का पप्पांनी ट्रॅक्टरचे हप्तेच भरले असते?’

कर्जखात्यात इतकी वर्षं काढूनही मला उत्तर देता आलं नाही.

पियाजेच्या मते साधारण अकरा-बारा वर्षांपासून मूल जे नाही त्याचाही विचार करू लागतं. आपलं घर आहे असंच असायला हवं होतं असं नाही, हे त्याला प्रथमच दिसतं. आपण त्याला उलट बोलणं म्हणतो. तिची आजी म्हणालीच, ‘हिला हल्ली लई तोंड फुटलंय.’ माझ्या मुलानंही सोळाव्या वर्षी विचारलं होतं, ‘बाबा, तुम्ही बढती नाकारली असती तर आपण एकाच गावात राहिलो असतो ना?’ मी त्याला अभ्यासाला बस म्हणालो. त्यानं पुन्हा कधी काही विचारलं नाही. आज फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलतो.

रात्री मुलीच्या वडिलांना मी तोच प्रश्न केला, तिचं नाव न घेता. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

‘ट्रॅक्टरच, साहेब.’

मग थोड्या वेळानं, हलक्या आवाजात, ‘तिनं विचारलं का?’

मी मान हलवली. ते उठून आत गेले.