शिकार गेली, धाव राहिली

शिकारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. वेदगंगेकाठच्या मुरगुडात एका म्हाताऱ्या शिकाऱ्याशी बोलताना बंदुकीचे नावही निघाले नाही. निघाले ते कुत्र्याचे!

कारवानी, मुधोळ ही कुत्री शिडशिडीत, लांब पायांची. वासापेक्षा नजरेने शिकार धरणारी. त्यांना सांभाळण्याची म्हाताऱ्याची रीत ऐका. धावण्याआधी पोटभर खाऊ घालायचे नाही. धावून आल्यावर पाणी थोडेथोडे, आणि धाप ओसरल्यावरच ताकात कुस्करलेली भाकरी. तोवर पंजे उलगडून काटे काढायचे, कानांतले गोचीड वेचायचे. धन्याचे ताट त्यानंतर! "धावतो तोवर कुत्रा शिकाऱ्याचा, थकला की घराचा," म्हातारा म्हणाला.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे शिकार बंद झाली. बरेच झाले, सशालाही जीव असतोच की! २००५ साली मुधोळ कुत्रा टपालाच्या तिकिटावर झळकला. आता शहरातली हौशी मंडळी त्याला घरी आणतात, साखळीला बांधतात आणि लाडाने बिस्किटे चारतात. बिचाऱ्याचे अंग सुटते, पाय आखडतात. शिकार गेली म्हणून त्याच्या रक्तातली धाव थोडीच गेली?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत चिरंजीवांनी असे पिल्लू मागितलेच, तर किंमत नंतर विचारा. आधी एवढेच विचारा, "रोज पहाटे उठून याला मोकळ्या मैदानावर कोण नेणार? आणि हा थकला, म्हणजे याच्यापाशी कोण बसणार?"