नासरेथच्या सुताराचा शोध

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडून चाकणकडे जाताना वाटेत इंद्रायणी लागते. तिच्या काठी देहू आहे; आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला भामचंद्र डोंगर आहे, जेथे तुकारामांनी चिंतन केले असे वारकरी परंपरा सांगते. या परिसराचा ख्रिस्ती धर्माशी संबंध काय, असे कोणासही वाटेल. त्याचे उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात सापडते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो, असे ते सांगत असत.

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले. परंतु ज्या येशूकरिता त्यांनी घरदार व जात सोडली, तो येशू मिशनच्या पगारपत्रकात आणि परदेशी शिष्टाचारात झाकला जात आहे, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. त्यांच्याही आधी पंडिता रमाबाईंनी, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर, धर्माधिकाऱ्यांची प्रत्येक आज्ञा म्हणजे ख्रिस्ताची आज्ञा नव्हे, हे आपल्या गुरुस्थानी असलेल्या जोगिणींना निर्भयपणे सुनावले होते. येशूवर श्रद्धा आणि चर्चच्या सत्तेविषयी चिकित्सा, या दोन गोष्टी या मराठी ख्रिस्ती परंपरेत एकत्रच नांदल्या आहेत.

आज या परंपरेची आठवण करण्याचे कारण आहे. उद्योगांच्या मागोमाग या पट्ट्यात केरळ, तमिळनाडू, आंध्र, गोवा, नगर आणि मराठवाडा येथून ख्रिस्ती कुटुंबे आली. भाषेप्रमाणे आणि पंथाप्रमाणे उपासना वेगळ्या झाल्या, हे स्वाभाविकच होते. पण भाषेच्या भिंतीआड जात आणि प्रतिष्ठाही उभी राहू लागली, तर ते स्वाभाविक म्हणता येणार नाही. दुसरीकडे, विश्वास ठेवा म्हणजे बढती मिळेल, घर होईल, आजार जाईल, असे सांगणारी प्रवचने जगभर लोकप्रिय झाली आहेत. ज्याला स्वतःला डोके टेकवायला जागा नव्हती, त्याच्या नावाने समृद्धीची हमी दिली जावी, यापरता विपर्यास कोणता?

शुभवर्तमानातला येशू सुतारकाम करणारा आहे. तो बहिष्कृतांच्या पंक्तीला बसतो, धर्ममार्तंडांवर कोरडे ओढतो आणि मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकतो. त्याचा द्राक्षमळ्याचा दृष्टान्त तर औद्योगिक नगरीने मुद्दाम वाचावा असा आहे. मळ्याचा धनी दिवसभरात पुनःपुन्हा बाजारात जाऊन मजूर आणतो. संध्याकाळ होत आली तरी काही जण तेथेच उभे असतात. कारण विचारता, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. धनी त्यांनाही कामाला लावतो आणि शेवटी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. धर्मशास्त्रज्ञ यात ईश्वरी कृपेचे तत्त्व पाहतात व ते योग्यही आहे. पण त्या तत्त्वासाठी येशूने निवडलेले चित्र मजूर अड्ड्याचे आहे. सकाळी चौकात डबा घेऊन उभा राहणारा आणि दुपारी रिकाम्या हाताने परतणारा माणूस, तसेच कायम कामगाराच्या शेजारी उभे राहून तेच काम कमी वेतनात करणारा कंत्राटी कामगार, या दृष्टान्तात स्वतःला सहज ओळखील. रविवारच्या उपासनेत त्याला ती ओळख पटते का, हा खरा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप येईल. ख्रिस्ती संस्थांनी शाळा चालविल्या, दवाखाने उघडले, कुष्ठरोग्यांची सेवा केली, हे विसरायचे काय? मुळीच नाही. ते कार्य येशूच्या चरित्राशी इमान राखूनच झाले आहे. परंतु पूर्वजांची सेवा ही वारसांच्या सुखासीनतेला सबब होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘खरा येशू’ शोधायला निघालेला प्रत्येक जण आपल्याच मनातला येशू शोधून काढतो. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये येशूच्या आधुनिक चरित्रांची छाननी करून नेमके हेच दाखविले: विद्वानांना येशूच्या ठिकाणी आपलाच काळ दिसला होता. टिळकांचा भक्तिमार्गी येशूही या नियमाला सर्वस्वी अपवाद नसेल. मग शोध खरा की खोटा, हे ठरवावे कसे? त्याची एक साधी कसोटी आहे. सापडलेला येशू शोधणाऱ्याच्या सोयीचा असेल, तर तो आरशातला समजावा. टिळकांना सापडलेल्या येशूने त्यांचे वेतन सोडविले. रमाबाईंना सापडलेल्या येशूने केडगावला निराधार स्त्रियांचा संसार त्यांच्या माथी घातला.

या कसोटीला नव्या वास्तूची, मोठ्या ध्वनिक्षेपकाची वा गर्दीची गरज नाही. उपासना संपल्यावर पर्यवेक्षक आणि कंत्राटी मजूर एका पंक्तीला बसतात काय, आणि सोमवारी कारखान्याच्या फाटकाच्या आतही ते नाते टिकते काय, एवढे पाहिले तरी पुरे. ते टिकत असेल, तर नासरेथचा सुतार इंद्रायणीच्या खोऱ्यात परका राहणार नाही.