जुन्या वाड्यांत अन्नोद्योग

पुणे, वाई, सातारा, नाशिक येथील जुन्या वाड्यांच्या भवितव्याची चर्चा निघाली की बहुधा दोनच मार्ग सुचविले जातात: वाडा जमीनदोस्त करून त्या जागी मजल्यांवर मजले चढवावेत, किंवा त्याची डागडुजी करून संग्रहालय अथवा सधन प्रवाशांसाठी उपाहारगृह थाटावे. माझ्या मते या दोहोंपेक्षा अधिक स्वाभाविक असा तिसरा मार्ग आहे. पापड, मसाले, सांडगे, कुरडया, घाण्याचे तेल अशा हस्तकौशल्याच्या अन्नपदार्थांचे लहान उद्योग या वास्तूंत नांदावेत, आणि सरकारने व नगरपालिकांनी त्यांना रीतसर परवाना द्यावा.

ही कल्पना आपल्या प्रांताला अपरिचित नाही. 1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग व तिच्यातील घर संघाच्या हवाली केले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले, आणि एका धनिकाच्या खाजगी मालमत्तेत, जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली, तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, मधमाशापालन व हातकागद यांचे प्रयोग सुरू झाले. बैलाच्या जुन्या घाणीत सुधारणा करून झवेरभाई पटेल यांनी जी घाणी तयार केली ती येथलीच. ग्रामोद्योगाला आरंभीच नव्या कारखान्याची इमारत लागते असे कुमारप्पांसारख्या अर्थशास्त्रज्ञाला वाटले नाही, ही गोष्ट मला आजही विचार करण्याजोगी वाटते.

वाड्याची रचना बारकाईने पाहिली, तर तो निवासस्थान होता तितकाच धान्य साठविण्याचा व अन्न टिकविण्याचा कारखानाही होता, हे ध्यानात येते. धान्यासाठी पेव व बळद, तूप-गुळासाठी कोठीची अंधारी खोली, जात्या-उखळासाठी पडवी, वाळवणासाठी चौक व गच्ची, आणि या सर्वांच्या मध्यभागी, भर वैशाखातही थंडावा राखणारे माजघर, अशी ती मांडणी असे. आणि उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करण्याचा जो मोठा खटाटोप घरोघर चाले, त्यासाठी लागणारी ऊन, सावली, वारा व कोरडेपणा ही सारी साधने या मांडणीतूनच मिळत. दगडविटांच्या जाड भिंती दुपारची उष्णता आत पोचण्यास कित्येक तास लावतात, आणि चुन्याचा गिलावा हवेतील दमटपणा शोषून घेऊन पुढे तो सावकाश सोडून देतो. जे काम आज पत्र्याच्या शेडमध्ये विजेच्या यंत्रांकडून करवून घ्यावे लागते, ते येथे भिंतीच करतात. इटलीतील मोडेना येथे द्राक्षरसाचा पारंपरिक शिरका घराच्या माळ्यावर लाकडी पिंपांतून किमान 12 वर्षे मुरत ठेवतात, कारण माळ्यावरचा उन्हाळ्याचा उष्मा व हिवाळ्याचा गारठा या दोहोंची त्याला गरज असते. तेथे वास्तूचे हवामान हे पदार्थाचे एक अंगच मानले गेले आहे.

परंतु हे काम विवेकाने झाले पाहिजे, कारण प्रत्येक अन्नोद्योग प्रत्येक वास्तूला मानवेल असे नाही. लोणच्याच्या खारवणीतील मीठ चुन्यात व दगडात मुरले, की त्याचे स्फटिक बनून गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. फरसाणाच्या भट्टीची वाफ व तेलाचा धूर सागवानी तुळयांवर चिकट थर धरतो, आणि आगीचे भय तर सदैव असतेच. मिरची-मसाल्याच्या कांडप यंत्राचे हादरे जुन्या सांध्यांना खिळखिळे करतात. म्हणून खारवणीची व भट्टीची कामे वाड्याबाहेर असावीत, कांडपयंत्र परसात स्वतंत्र पायावर बसवावे, आणि मुख्य वास्तूत निवडणे, दळणे, लाटणे, वाळविणे व साठविणे एवढेच चालावे.

खरी अडचण मात्र दफ्तरी आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांना भिंती गुळगुळीत, धुण्याजोग्या व पाणी न शोषणाऱ्या हव्या असतात, आणि ही अपेक्षा आरोग्याच्या दृष्टीने सर्वस्वी योग्य आहे. पण ती पूर्ण करण्यासाठी मालक चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापून वर फरशा बसवितो, जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते, आणि जी भिंत दोन शतके उभी राहिली ती काही वर्षांत आतून कुजू लागते. दुसरीकडे वारसा समिती मूळ भिंतीला हात लावण्यास मनाई करते, आणि दोन खात्यांच्या शेऱ्यांमध्ये सापडलेला अर्जदार अखेर बिल्डरच्या दाराशी जातो. यावर उपाय आहे. मूळ भिंतीपासून हवेसाठी अंतर राखून, धुता येईल अशा पत्र्याची वेगळी आतली खोली उभारावी, फरशी जुन्या जमिनीवर सुटी अंथरावी, सांडपाण्याची वाट स्वतंत्र ठेवावी, आणि पुढे हे सारे काढून घेता यावे. अशा बांधणीचा एक नमुना आराखडा दोन्ही खात्यांनी मिळून मंजूर करावा व संयुक्त पाहणीनंतर एकच दाखला द्यावा.

पैशाचा प्रश्नही सुटण्याजोगा आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये सुरू केलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली; वारसा वास्तूतील उद्योगाच्या बाबतीत चुन्याच्या व लाकूडकामाच्या दुरुस्तीचा खर्च अशा अनुदानात स्पष्ट शब्दांत धरला जावा. पावसाळ्यापूर्वी कौले फेरण्याचा खर्च ज्या भाऊबंदांत कोणीच उचलीत नाही, त्यांनाही उद्योगाकडून नियमित भाडे आले तर तो उचलणे जमेल.

लहान जागेतून काय उभे राहू शकते, याचे उदाहरण मुंबईने दाखविले आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापडांची पहिली चार पाकिटे तयार केली, आणि त्यातून लिज्जत ही संस्था वाढली. पीठ एके ठिकाणी मळावे आणि पापड घरोघरी लाटावेत ही त्यांची पद्धत वाड्यांच्या वस्तीला तर फारच सोयीची आहे.

ज्या नगरपालिकांच्या ताब्यात रिकामे वाडे पडून आहेत, त्यांनी येत्या अंदाजपत्रकात निदान एक वाडा या कामासाठी राखून ठेवावा, आणि तो एखाद्या महिला बचत गटाला दीर्घ मुदतीच्या कराराने द्यावा.