खरं लिहू की मार्कांचं लिहू?

दरवर्षी सहामाहीच्या आधी मी मुलांकडून 'आरोग्य हीच खरी संपत्ती' हा निबंध लिहून घेतो. परळ-लालबागमधली मुलं. वह्या पंचेचाळीस, पण सगळ्या वह्यांत एकच मुलगा राहतो. तो पहाटे पाचला उठतो, शुद्ध हवेत फिरतो, सूर्यनमस्कार घालतो, दूध-फळं-सुकामेवा खातो आणि रात्री नऊला झोपतो. असा मुलगा आमच्या वर्गात एकही नाही. यंदा सातवीतल्या एकाने वही पुढे करून हळूच विचारलं, "सर, खरं लिहू की मार्कांचं लिहू?"

मी म्हटलं, खरं लिही.

त्याने लिहिलं, घर एका खोलीचं आहे. बाबा सेकंड शिफ्ट करून साडेअकराला येतात, मग जेवणं होतात, त्यामुळे झोपायला बारा वाजतात. सकाळी सातची शाळा. आईला डबा करायला जमलं नाही की दहा रुपये मिळतात, त्याची दोन पाकिटं येतात. आणि शेवटची ओळ अशी होती : 'पी.टी.च्या तासाला व्याकरण असतं.'

तो तास मागून घेणारा शिक्षक मीच. पोर्शन राहिला की पहिला हात पी.टी.च्या तासावर पडतो. आपण सगळेच हे करतो, उगाच नाही कशाला म्हणा!

मित्रांनो, जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलेल, दम लागेल असा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटं. आमच्या वेळापत्रकात पी.टी.चे दोन तास, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. त्यातला एक मी घेतला तर उरतात ३५. बाकीची मिनिटं मुलाने कुठून आणायची? मैदान आहे तिथे कोणाच्या तरी गाड्या लागतात, आणि चाळीच्या चौकात चेंडू खेळला की तळमजल्यावरच्या काकू ओरडतात.

यावर 'पूर्वीची मुलं बघा' असं म्हणायचं मी टाळतो. पण पूर्वी या भागात काय होतं ते मुलांना माहीत असावं. गिरणगावात तालमी होत्या, लेझमीची पथकं होती, कबड्डीची मैदानं होती. शिवाजी पार्कला १९२५ साली सुरू झालेलं श्री समर्थ व्यायाम मंदिर आजही मल्लखांब शिकवतं. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये त्याच शिवाजी पार्कवर झाली. एरंडेल चोपडलेल्या त्या गुळगुळीत लाकडी खांबावर पोरं सरसर चढतात, मुली दोरीवर आसनं करतात. लालबागहून दादर बसने किती लांब? तरी आमच्या वर्गातल्या चौघांनीच मल्लखांब प्रत्यक्ष पाहिलाय.

आणि हीच मुलं आळशी आहेत म्हणावं, तर गुरुपौर्णिमेनंतर रात्री गल्लीत जाऊन बघा. गोविंदाचा सराव सुरू होतो. खांद्यावर माणूस घेऊन उभं राहायचं, तोल सांभाळायचा, पुन्हा पुन्हा उठायचं. १४ वर्षांखालच्या मुलांना थरावर चढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण मोठ्यांना घामाघूम होताना बघायला लहानगेही तासन्‌तास उभे असतात. त्यांना कोणी व्यायामाचं महत्त्व सांगितलेलं नसतं. तिथे सोबत असते, आरडाओरडा असतो, आपलं नाव घेऊन हाक मारणारं कोणीतरी असतं. आपल्या निबंधातला मुलगा मात्र एकटाच पहाटे फिरायला जातो. माझ्या मते चूक तिथेच आहे.

खाण्याचंही तसंच. वडापाव दादर स्टेशनबाहेर जन्मला असं सांगतात. त्याच्याशी माझं भांडण नाही. मी स्वतः आठवड्यातून एक खातो (शुगर निघाल्यापासून एकच). पण याच गिरणगावात बायका घरातल्या चुलीवर खानावळी चालवून शेकडो कामगारांना जेवू घालत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या खानावळवाल्या बायकांसाठीच. त्या ताटात सुकामेवा नव्हता. भाकरी, आमटी, भात, कधी सुकट, कधी ओले बोंबील. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, भिजवलेले चणे, आदल्या रात्रीच्या मटकीची उसळ, यांना फार पैसे लागत नाहीत. लागतो तो आईचा वेळ, आणि तो फक्त आईचाच का, हेही वर्गात विचारायला हवं. मटकी भिजत घालायला सातवीतल्या मुलाला काय हरकत आहे?

२०२० च्या नियमांनुसार शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. आमच्या भागात ५० मीटर म्हणजे दोन इमारती आणि सहा दुकानं. नियम चांगला आहे, पण मोजपट्टी घेऊन उभं कोण राहणार?

झोपेबद्दल मुलाला दोष देणं मला अजिबात पटत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. सातवीतल्या या मुलाला त्याचा काय उपयोग? बाबा जेवल्याशिवाय दिवा मालवत नाही, आणि बाबांशी बोलायची तीच एक वेळ. ती सोडून लवकर झोप, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

त्या मुलाला मी दहापैकी नऊ दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.

आणि गुरुवारचा पाचवा तास परत केला. मुख्याध्यापकांनी पोर्शनचं विचारलं, मी शनिवारी जादा तास घेतो म्हणालो. पहिल्या गुरुवारी खो-खो झाला. मुली भिंतीकडेला उभ्या राहिल्या, ड्रेसला माती लागेल म्हणून. दुसऱ्या गुरुवारी सहा जणी आत आल्या. अलंकार अजून शिकवायचे राहिलेत.