फेरफार तुमचाच, हाडही तुमचंच

‘गाडीत फेरफार तुम्हीच केलाय, आमचा काय संबंध?’ हे वाक्य या आठवड्यात जेऊरकडच्या एका वाचकाला शोरूमवाल्यानं ऐकवलं, विमा कंपनीनं ऐकवलं आणि ज्यानं पैसे मोजून घेऊन बाजूची चाकं बसवली होती त्या फिटरनंही ऐकवलं. शेवटच्याच्या धाडसाला माझा नमस्कार. पायाला पोलिओ असलेला हा गृहस्थ स्कूटरला साइड व्हील लावून कामावर जायचा. टेंभुर्णी रस्त्यावर साइडपट्टी खचलेली होती. एक चाक डांबरावरून खाली उतरलं आणि ते धरणाऱ्या दांड्याचं वेल्डिंग सुटलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. बिल नाही, आरसीवर नोंद नाही. फिटर शोरूमनंच सुचवलेला, पण तेही तोंडी.

‘आरसीवर नोंद करून घ्या’ हे माझं जुनं रडगाणं वाचकांच्या ओळखीचं आहे. या खेपेला ते थोडं बाजूला ठेवतो. नोंद नव्हती ही चूक खरी, पण म्हणून वेल्डिंग कच्चं ठेवायचा परवाना कुणाला मिळत नाही.

आता दिल्लीची एक क्रेटा बघा. 2015 साली घेतलेली ही गाडी नोव्हेंबर 2017 मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर आदळली आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. ह्युंदाईचं म्हणणं, समोरून पुरेसा जोराचा धक्का बसलाच नव्हता. प्रकरण राज्य ग्राहक आयोग, राष्ट्रीय आयोग करत सर्वोच्च न्यायालयात गेलं. 20 एप्रिल 2022 ला न्यायालयानं कंपनीला सुनावलं, की वेगाची आणि बळाची गणितं मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नव्हे. एअरबॅग आहे म्हणून त्यानं गाडी घेतली, ती वेळेला उघडली नाही, एवढं पुरे. भरपाई मिळालीच, शिवाय गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला.

आमच्या माणसाला मात्र भौतिकशास्त्र शिकावं लागणार, असं दिसतं. स्कूटर वळणावर झुकते, झुकूनच तोल सांभाळते. साइड व्हील लावली की ती झुकायची बंद होते आणि वळणाचा सगळा आडवा ताण त्या दांड्यांवर, क्लॅम्पवर आणि वेल्डिंगवर येतो. बाजूची चाकं जरा खाली बसली तर खड्ड्यात मागचं मूळ चाक अधांतरी राहतं. इंजिनाची ओढ त्याच चाकाला, मागचा ब्रेकही त्यालाच. म्हणजे ब्रेक दाबला तरी मागून काही उपयोग नाही. जरा वर बसली तर गाडी आधी एका अंगाला कलंडते, मग सावरते. बोटभर फरकाचा हा मामला फिटर डोळ्यांनी जोखतो. क्रेटावाल्याला यातलं काही सिद्ध करावं लागलं नाही, कारण त्याची गाडी कारखान्यातून आली तशीच होती. ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्यालाच कारखान्यातून आली तशी गाडी चालवता येते, ही बाब कुणाच्या लक्षात कशी येत नाही?

गंमत अशी, की क्रेटाचा निकाल देणाऱ्या पीठावर न्या. विनीत सरन होते आणि जानेवारी 2019 च्या दुसऱ्या एका निकालातही, न्या. अरुण मिश्रांबरोबर, तेच होते. त्या निकालानं सांगितलं, की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर. पण 2019 चा आरटीओच्या दारातल्या प्रत्येक एजंटाला तोंडपाठ आहे आणि क्रेटाचा त्यांच्यापैकी कुणी ऐकलेलाही नाही.

त्याच 2019 मध्ये संसदेनं मोटार वाहन कायद्यातली ‘इनव्हॅलिड कॅरेज’ काढून ‘अडॅप्टेड व्हेईकल’ आणली. दिव्यांग मालकानं आपल्या गाडीत गरजेचा बदल करून घ्यावा आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घ्यावी, अशी सोय कलम 52 मध्ये केली. नंतर! म्हणजे हा बदल गुन्हा नाही, कायद्यानं दिलेली मुभा आहे. मंजुरीसाठी आम्हा एमएच-45 वाल्यांना अकलूज गाठावं लागतं. कशावर बसून? त्याच स्कूटरवर.

आणि याच रस्त्यावरून हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून जातात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, रुंदी कायद्याची नव्हे तर उसाची. त्यांना ‘फेरफार केलाय का हो?’ असं विचारणारा अधिकारी मला अजून भेटायचा आहे. माझा संशय, अधिकाऱ्यांना गाडीचा बदल दिसत नाही, मालकाचं वजन दिसतं. पुरावा मागू नका.

तर मुद्दा ग्राहक संरक्षण कायद्याचा. 2019 च्या या कायद्यात उत्पादन दायित्वाचं एक आख्खं प्रकरण आहे, कलम 82 ते 87. ‘वस्तूत बदल केला असेल तर दावा चालणार नाही’ हे वाक्य त्यात आहे, कलम 87 मध्ये. पण ते विक्रेत्यापुरतं आहे. उत्पादकाला ते संरक्षण त्या वाक्यानं दिलेलं नाही. आणि उत्पादक म्हणजे फक्त चेन्नईचा नि पुण्याचा कारखाना नव्हे. वस्तू किंवा तिचे भाग बनवणारा, सुटे भाग जोडणारा, सगळे त्या व्याख्येत बसतात. नळी कापून, दांडा वाकवून, वेल्डिंग मारून साइड व्हील तयार करणारा फिटर कायद्याच्या नजरेत उत्पादक आहे, मग त्याचं दुकान पत्र्याचं का असेना. बदल स्कूटरमध्ये झाला, साइड व्हीलमध्ये नाही. मोडलं ते साइड व्हील. त्याच्याशी मालकानं काही खटपट केलेली नव्हती.

शोरूमचीही सुटका इतकी सोपी नाही. शोरूमनं चाकं स्वतः बसवून गाडी दिली असेल, किंवा बिननावाचं किट विकलं असेल आणि त्याचा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर कलम 86 प्रमाणे जबाबदारी विक्रेत्याच्या गळ्यात पडते. म्हणून तर सगळं तोंडी चालतं. ‘आमच्या ओळखीचा एक आहे, त्याच्याकडे जा’ हे प्रेमानं सांगितलेलं वाक्य कागदावर कधीच येत नाही.

अमेरिकेत 2001 पासून अपंगांसाठी गाडी बदलून देणाऱ्याला सुरक्षेच्या काही नियमांतून सूट आहे, पण सरकारदरबारी नाव नोंदवून आणि स्वतःच्या नावपत्त्याचं लेबल गाडीवर चिकटवून. फार मोठं तंत्रज्ञान नाही हे. आपल्याकडे ट्रकच्या मागे पेंटर स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर हौसेनं लिहितो. साइड व्हीलवाला तेवढंच लिहीत नाही. पुण्याच्या एआरएआयनं तपासलेली किट बाजारात मिळतात, ती थोडी महाग पडतात आणि त्यांच्याबरोबर कागद येतो. करमाळ्यात शोरूमला विचारा, आधी स्वस्तातलाच पर्याय पुढे होतो.

जेऊरच्या वाचकाला आणि त्याच्यासारख्यांना सांगणं इतकंच. मोडलेला दांडा भंगारात देऊ नका आणि पुन्हा वेल्डिंगही मारू नका, आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. बिल नसेल तर फोनवरून पैसे दिल्याची नोंद, फिटरशी झालेले मेसेज, गाडीचे आधीचे फोटो जपून ठेवा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात, आणि ऑनलाइनही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, हाड जुळायची वाट बघत बसू नका.